सुलाबाईचा नमुना

भुजंग खोटं बोलणाऱ्यांतलाच माणूस. पण ही गोष्ट त्यानं मला खरी सांगितली, एवढं मी शपथेवर सांगतो. मधेच कुणी उठून जाऊ नका.

तो हिवतापाचा आरोग्य सेवक. पोखर्णीच्या बाजूची पाच खेडी त्याच्याकडं. दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरायचं, ताप कुणाला आहे ते विचारायचं, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं आणि काच तपासणीला धाडायची. रोग मुळासकट काढायचा तर शेवटचा तापकरी हाती लागेपर्यंत हे थांबवता येत नाही. पण लोक बोट देईनात, आणि महिन्याचा आकडा तर भरायलाच हवा. मग भुजंग वाटेत गाडी उभी करी आणि स्वतःचंच बोट टोची. एका बोटाच्या दहा काचा, दहा जणांची नावं. कागद यायचा, दहाही निरोगी.

सतरा सप्टेंबर दोन हजार बावीस, शनिवार. सकाळी मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा झाला होता. पितृपक्ष चालू होता, चंद्र अकराच्या पुढं उगवणार होता. सोमवारी वरचं पथक येणार आणि सात काचा कमी. म्हणून भुजंग संध्याकाळी सातला गाडी काढून निघाला. सहा दारांवर लोकांनी बोट दिलं नाही. सातवं घर बायनाबाईचं.

ओसरीवर तिची नात शिवकन्या, नऊ वर्षांची, तीन गोधड्यांखाली थडथडत होती. दिवसाआड थंडी वाजून ताप. भुजंगनं सुई काढली तशी म्हातारी आडवी आली.

"आलात का सायब? लय लवकर आलात. सालच झालं."

"मावशी, एक थेंब घिऊ द्या. पोरीला हिवताप दिसायलाय."

"माज्या सुनंलाबी असाच हुता. सुलाचं तू बोटबी पाहिलं न्हाईस, अन् कागद आला, हिवताप न्हाई म्हून. डॉक्टरनं कागद बघून दुसऱ्याच गोळ्या दिल्या. अकराव्या दिवशी गेली. आता ही सुई कुनाला दावायलास?"

"मावशी, पोर हातची जाईल."

"उतर वसरी. कागद तर तू घरी बसूनबी लिवतूस."

भुजंग उतरला. त्याला राग आला होता, म्हातारीचा. गावाबाहेर ओढ्याच्या पुलावर त्यानं गाडी उभी केली, दिवा चालू ठेवला, डबी उघडून कठड्यावर सात काचा मांडल्या. वहीत सात नावं लिहिली. सातवं नाव शिवकन्येचं. पोर तापानं फणफणलेली डोळ्यांनी बघून आला होता, तरी लिहिलं. हे सांगताना त्यानं मान वर केली नाही.

सुई टोचली. रक्त आलं नाही.

दाबून पाहिलं. दुसरं बोट टोचलं. तिसरं. सुई खोल जात होती, दुखत होतं, पण थेंब दिसेना. दहाही बोटं झाली. दहाही कोरडी...

इंजिन आपोआप बंद पडलं. दिवा तांबडा झाला, मग गेला.

आणि शेजारी दात वाजल्याचा आवाज आला.

कुणीतरी कठड्याला टेकून बसलं होतं. गोधडीत. थडथडत होतं. गोधडीतून एक हात पुढं आला. नखं निळी.

"माजं घे."

भुजंग कठड्यापासून मागं सरला.

"त्या साली सात दिवस बसले हुते वसरीवर. ह्यो हात असाच धरून. तू आला न्हाईस..."

ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत नव्हतं. फक्त दात.

"माज्या नावावर कुनाचं रगत धाडलंस?"

"...माजं."

"मंजी तू जितास. अन् मी..."

तो हात काचांवरून फिरला. एकेका काचेवर थांबत.

"लेकीची कोनची?"

त्यानं बोट दाखवलं.

"तेवढी घिऊन पळ. बाकीच्या ठेव. मी बसलेच हाय."

भुजंग पळाला. ती एक काच आणि सुई मुठीत. चपला पुलावरच राहिल्या. बायनाबाईच्या ओसरीवर जाऊन त्यानं तिचे पाय धरले आणि आपण काय करत होतो ते सगळं सांगितलं. म्हातारीनं त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. मग नातीचा हात गोधडीतून काढून स्वतः पुढं धरला. शेजारच्या जीपमधून पोरीला रात्रीच परभणीला नेलं. काचेत हिवताप निघाला, तोही डोक्यात चढणारा. दोन दिवस पोर शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं.

रविवारी उजेडी भुजंग पुलावर गेला, तर कठड्यावर काचा नव्हत्या आणि डबीचं झाकण लावलेलं होतं. डबी त्यानं उचलून आणली. उघडून पाहिली नाही. तशीच तपासणीला दिली.

मंगळवारी तिथं काचा तपासणाऱ्या सिद्धोधनचा फोन आला.

"भुजंगराव, ह्या सहा काचा कुनाच्या? वहीत नावं येगयेगळी हायेत, पन काचा सगळ्या एकसारख्या. इतके जंतू अंगात घिऊन मानूस जगत न्हाई."

भुजंगनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् दुसरं... काचेवरचं रगत घडीभरात वाळतंय. ह्या परवापासून पंख्याखाली ठेवल्यात."

"मग?"

"आजूक वल्याच हायेत."