शेवटून पहिली

"अहो, हिला थांबवतात कसं?"

हा प्रश्न माणसाने गाडीवर बसण्याआधी विचारायचा असतो. एल्डन प्रुइटने तो विचारला तेव्हा तो गाडीवर होता, गाडी सुसाट होती आणि समोर शिकाऊ पोरांसाठी रचलेली गवताच्या गठ्ठ्यांची भिंत होती. नोरीन धावली. बाजूने पळत-पळत तिने हात लांब केला आणि मुठीजवळचं लाल बटण दाबलं. इंजिन गप्प झालं, गाडी अलगद गवतात शिरली. एल्डन मात्र गवताच्या पलीकडे पोहोचला.

गाडी तरी कसली, गुडघ्याएवढी फटफटी! गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन, दोन जाड टायर आणि बूड टेकायला एक गादी. गिअर नाही, क्लच नाही. दोरी ओढली की सुरू, मूठ पिळली की धूम. इंडियानातल्या हार्लो क्रीक गावात मिसरूड फुटायच्या आधी पोरं हिच्यावर शिकत, पोरीही शिकत, आणि शिकवायची नोरीन. वडिलांच्या दुरुस्तीच्या दुकानामागे तिचं मैदान होतं.

गठ्ठ्यांमागून आधी चष्मा वर आला, मग केसांत गवत घेऊन एक हसरा चेहरा.

"लागलं का?" नोरीनने विचारलं.

"फक्त इभ्रतीला."

"ती इथे सगळेच टाकून जातात. संध्याकाळी झाडून काढते मी."

तो शाळेतला नवा बँड मास्तर होता. जुने मास्तर वर्षभराच्या रजेवर गेले, त्यांच्या जागी आलेला. वर्गातल्या पोरांनी चिडवलं होतं, की मास्तर, क्लॅरिनेट वाजवणं सोपं आहे, फटफटी चालवून दाखवा.

"मला शिकवाल?" त्याने विचारलं.

नोरीनने त्याला नखशिखांत न्याहाळलं. ताडमाड उंची, आणि खाली ती चिमुकली गाडी. "शिकवीन. पण गुडघे कानांना लागतील, तेवढं सांभाळा."

मग दर शनिवारी शिकवणी. पोरं चार दिवसांत पळायला लागतात; मास्तरांना सगळा हिवाळा पुरला नाही. किंवा असं म्हणू, की त्यांनी तो पुरवून-पुरवून वापरला. नोरीनला हे कळत नव्हतं असं नाही. मूठ किती पिळायची हे दाखवताना ती त्याच्या हातावर हात ठेवायची आणि तो हमखास चुकायचा. मग पुन्हा दाखवावं लागायचं...

"वेगात कुणीही चालवतं, मास्तर," ती म्हणायची. "हळू चालवा. पाय न टेकता, इंजिन न थांबवता, गोगलगायीसारखं. ते जमलं की सगळं जमलं."

"मीही पोरांना हेच सांगतो. जलद धून कुणीही ठोकतं. संथ वाजवताना माणूस उघडा पडतो."

हे ऐकून तिला का कोण जाणे, एकदम बरं वाटलं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

वसंतात एका शनिवारी भुरभुर पाऊस आला. दोघं छपराखाली उभे राहिले. ओल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास येत होता. तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता. त्याने रुमाल काढला, हात पुढे केला... आणि रुमाल नुसताच तिच्या हातात दिला.

"नोरीन, ओरेगॉनच्या एका शाळेने बोलावलंय. कायमची नोकरी." तो पावसाकडे बघत म्हणाला. "इथले जुने मास्तरही परत येणार नाहीत म्हणे. म्हणजे इथेही राहता येईल. जत्रेनंतरच्या सोमवारी दोन्ही शाळांना कळवायचंय. तुला... काय वाटतं?"

"तिकडे समुद्र आहे म्हणतात," नोरीन म्हणाली आणि गाल पुसत राहिली. डाग कधीच गेला होता.

तिला काय वाटत होतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण जीभ रेटेना. कारण होतं घरातच. थोरल्या बहिणीने, डोरिसने, क्लाइडला 'जाऊ नको, इथंच राहा' म्हणून गळ घातली होती. तो राहिला, लग्न झालं, आणि तेव्हापासून रोज जेवताना तो ते ऐकवतो. बटाटे कच्चे राहिले तरी 'मी शिकागोला असतो तर', पाऊस लांबला तरी 'मी शिकागोला असतो तर'. नोरीनने तेव्हाच कानाला खडा लावला होता, की कुणाला कधी 'राहा' म्हणायचं नाही. राहणारा आपणहून राहील. पण एल्डन आपणहून काही बोलेना. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ती दुसरीकडे. असे सगळे शनिवार संपले, आणि जत्रा आली.

हार्लो क्रीकच्या जत्रेत लोक सगळ्यात जास्त ओरडतात ते हळू शर्यतीला. फटफटीवर बसून मैदान ओलांडायचं, आणि जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला. पाय टेकला, बाद. इंजिन थांबलं, बाद. मागे वळला, तरी बाद. नोरीनला यात आजवर कुणी हरवलेलं नव्हतं. गाव तिला लाडाने 'शेवटून पहिली' म्हणायचं.

यंदा तिच्या शेजारी एल्डन उभा राहिला.

"गुरूशी शर्यत?" तिने भुवई उंचावली.

"गुरू बोलत नाही ना, म्हणून. इथे तरी पळून जाता येणार नाही तुला."

झेंडा पडला. फटफट सुरू झाली. ब्रेक अर्धा दाबून, मूठ केसभर पिळून सगळे मुंगीच्या पावलांनी निघाले. मका भाजत होता, लोक ओरडत होते. मैदानाच्या मध्यापर्यंत एकेकाचे पाय टेकले. शेवटी नोरीनची जाडजूड व्हर्ना आत्या डुलली आणि "मेल्यांनो, एवढं हळू तर मी स्वयंपाकसुद्धा करत नाही" म्हणत उतरली. आता उरले दोघं, हँडलला हँडल लागेल इतके जवळ.

"नोरीन! मी जाऊ का?" इंजिनांच्या आवाजात त्याला ओरडावं लागलं.

"पुढचं चाक बघ, वळतंय!"

"चाकाचं नाही विचारत!"

तिने ओठ हलवले. काहीतरी म्हणाली ती.

"काय? ऐकू आलं नाही!"

ती पुन्हा पुटपुटली. तेव्हा एल्डनने तिच्याकडे बघितलं, आणि शांतपणे अंगठ्याने लाल बटण दाबलं. त्याचं इंजिन थांबलं. लोकांनी 'अरेरे' केलं. पंचाने झेंडा हलवला, मास्तर बाद.

"आता ऐकू येईल," तो म्हणाला.

नोरीनची गाडी अजून चालू होती. आता तिला नुसती शेवटची रेघ ओलांडायची होती, आणि यंदाही तीच जिंकली असती. ती पुढे जात राहिली. एक हात, दोन हात... तिच्या पाठीमागे तो माणूस जिंकायचं सोडून तिचं बोलणं ऐकायला थांबला होता. आणि रेघ ढांगेच्या अंतरावर असताना तिने हँडल गर्रकन फिरवलं.

"अगं, बाद होशील!" आत्या ओरडली.

बाद झालीच. बक्षिसाचा हॅम, म्हणजे डुकराची अख्खी खारवलेली तंगडी, त्यांच्याआधी सगळ्यात शेवटी उतरलेल्या व्हर्ना आत्याच्या पदरात पडला. नोरीनने एल्डनसमोर गाडी आणली आणि इंजिन बंद केलं. आता पुटपुटून भागणार नव्हतं.

"राहा," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस. फार हवा आहेस. उद्या बटाटे कच्चे राहिले आणि तू ओरेगॉनचं ऐकवलंस, तर ऐकून घेईन. रोज ऐकव. पण जाऊ नको."

गर्दीत क्लाइडने मान खाली घातली, आणि डोरिसने ती घालू दिली.

एल्डन त्या चिमुकल्या गाडीवरून उठला. त्याने तिचा ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत धरला, गावादेखत.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पुन्हा ऐकायचंय."

"राहा," नोरीन म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिला मुळीच जड गेलं नाही.