शून्य गुणांचे उमेदवार

जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत मंगळवारी दुपारी तीनशे अकरावा उमेदवार नापास झाला आणि शकुंतला हिवाळे यांनी यादीतलं शेवटचं नाव खोडलं. चंद्रावरच्या शीतकुंड या बर्फखाणीत वंशभेद चालतो का, याची चौकशी करायला आंतरराष्ट्रीय आयोगाला पाच सदस्य हवे होते आणि ते शोधणं हे हिवाळेबाईंचं काम. शुक्रवारी पाचपर्यंत सदस्य मिळाले नाहीत, तर चौकशी रद्द. मग दोनशे चौदा काळ्या-सावळ्या मजुरांनी किरणोत्सर्गात, बाहेरच्या पाळीवर, आहे तसंच झिजत राहायचं. पाळ्यांच्या याद्यांवरून सगळं उघड झालं असतं, पण त्या याद्यांवर खाण तीन वर्षं भुजंगासारखी बसली होती.

"अहो प्रभुणे, तुमच्या या शिरस्त्राणाला माणूसच पसंत पडत नाही की काय?" बाई वैतागल्या.

डॉ. प्रभुणे म्हणजे उमेदवारांच्या डोक्यावर चढवायच्या या अडखळमापकाचे जनक. त्यांनी शांतपणे चष्मा पुसायला घेतला. "यंत्र साधं आहे, बाई. पडद्यावर चेहरे येतात. कुणाला कुठलं काम द्यायचं ते उमेदवारानं ठरवायचं. रंग पाहून मेंदू निमिषभर अडखळला, की गुण चढले. आयोगाच्या नियमानं शून्य म्हणजे निःपक्षपाती. नेमणूक फक्त शून्याला."

"घानाच्या न्यायमूर्ती बोआतेंग?"

"अठ्ठ्याण्णव."

"जन्मभर वंशभेदाचेच खटले चालवलेत हो त्यांनी!"

"म्हणून तर. आपल्या हातून अन्याय होत नाही ना, या धास्तीनं त्या दर चेहऱ्याला दचकतात. दचकण्याचं कारण यंत्राला कळत नाही. तुम्हाला एकाहत्तर आलेत."

"येणारच. दर विमानतळावर मलाच रांगेतून बाजूला काढतात. आणि तुम्हाला?"

"चाळीस," प्रभुणे पुटपुटले. "चौथ्या प्रयत्नात."

बाईंनी खोडलेली यादी बाजूला सारली. "बरं, एक सांगा. सायकल येणारा माणूस पॅडल मारताना अडखळतो?"

"छे! अंगवळणी पडलेलं काम. मेंदू तिकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग अठरा वर्षं रोज रंग बघूनच पाळ्या लावणारा मुकादम?"

चष्मा प्रभुण्यांच्या हातातच राहिला. "अरे देवा," ते म्हणाले. "शून्य. पक्कं शून्य."

त्याच संध्याकाळी शीतकुंडच्या सहाही मुकादमांना आयोगाच्या सदस्यत्वासाठी अर्ज करण्याचं सन्माननीय निमंत्रण गेलं. परीक्षा खाणीच्या दवाखान्यातल्या अशाच शिरस्त्राणावर द्यावी. मजुरांना कामं वाटून देण्याच्या अनुभवाचे दाखले सोबत जोडावेत.

"आरोपींनाच परीक्षक करताय?" प्रभुणे हबकले.

"नियमात फक्त शून्य लिहिलंय."

"आणि याद्या ते आपण होऊन पाठवतील?"

"ज्याला त्यात वावगं काही दिसतच नाही, तो लपवेल कशाला?"

गुरुवारी अर्ज आले. सहाच्या सहा शून्य. मुख्य मुकादम रॉमर यांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, 'अठरा वर्षांत मी कुणाचाही रंग पाहिलेला नाही. पुराव्यादाखल सर्व पाळ्या जोडत आहे.' पाळ्या साडेसहा हजारांवर होत्या. बाहेर पाठवलेल्यांत गोरा माणूस औषधालासुद्धा नव्हता.

शुक्रवारी सकाळी बाईंनी तो गठ्ठा आयोगापुढे ठेवला. "आपल्या नियमानुसार पात्र ठरलेली एवढीच माणसं. जागा पाच, उमेदवार सहा. एकावर अन्याय होईल, तेवढा सांभाळून घ्यावा."

अध्यक्षांनी याद्या शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. मग लेखणी उचलली आणि शून्याचा नियम खोडला. दुपारी बारा वाजता सर्वाधिक गुणांचे पाच उमेदवार नेमले गेले. प्रमुखपदी न्यायमूर्ती बोआतेंग.

तोवर रॉमर यांची तीन स्मरणपत्रं येऊन पडली होती. निवडीचं काय झालं? बाईंनी जेवण बाजूला सारून उत्तर लिहायला घेतलं.

'आपल्या दाखल्यांनी आयोग अतिशय प्रभावित झाला आहे. चौकशीच्या पहिल्याच दिवशी आपली उपस्थिती अत्यावश्यक आहे. टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचं, ते न्यायमूर्ती बोआतेंग सांगतील.'