मोर छाप कुट्टीचे सुटे भाग

१. चाक

एरंडोलला एका भंगारवाल्याच्या आवारात दोघांनी एकाच वेळी एकाच चाकाला हात घातला.

बिडाचं, कमरेएवढं चाक. मधोमध ओतलेला मोर. चारा कापायच्या जुन्या हातयंत्राचं – ज्याला सगळं गाव नुसतं ‘कुट्टी’ म्हणतं.

“मी आधी धरलंय,” ती म्हणाली.

“धरलंय खरं. आता उचला.”

तिने जोर लावला. चाक हललं नाही. कानातले डूल तेवढे हलले... आणि योगराजचं तिथेच काहीतरी बिघडलं.

“तुम्हाला कशाला हवंय?”

“कूलरखाली टेकू द्यायला.”

त्याने देव्हाऱ्यातली समई टेकूला मागितली असावी, असं तिने त्याच्याकडे पाहिलं.

ती दिपमाला. धुळ्याची. मोर छाप कुट्टी धुळ्याच्याच एका कारखान्यात बनायची. तो तिच्या जन्माआधी बंद पडला. पुण्याच्या एका संग्रहालयासाठी ती त्याचा इतिहास शोधत होती.

“एक अख्खी, चालू कुट्टी सापडली की माझं इथलं काम संपलं. मग पुण्यालाच नोकरी.”

योगराजचं एरंडोलला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आणि भडगावजवळ त्याच्या घरी, गोठ्यात, एक अख्खी, चालू मोर छाप कुट्टी उभी होती. तो आणि आई रोज तिच्यावर म्हशीचा चारा कापायचे.

त्याने सांगायला तोंड उघडलं.

“अख्खी...” तो म्हणाला, “अख्खी मिळणं अवघड आहे. हिंडावं लागेल. माझ्याकडे गाडी आहे.”

२. (हा भाग सध्या मिळत नाही)

चाक तात्पुरतं ठेवायला त्या संध्याकाळी दोघं त्याच्या घरी गेले. तो आधी गोठ्यात पळाला आणि कुट्टीवर ताडपत्री टाकून आला. इतकंच.

३. पाती

मग थंडीभर गाडी हिंडली. अख्खी कुट्टी कुठेच नव्हती, सुटे भाग तेवढे मिळत गेले. कोणाकडे पात्याचा विळा झालेला, कोणाकडे पातं दाराच्या फटीत अडकवलेलं. वरणगावला दातेरी चाक पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून बसलं होतं. दिपमाला प्रत्येक घरी चहा घ्यायची, जुन्या गोष्टी विचारायची, आणि निघताना तो भाग हसतहसत मागून आणायची.

“तुम्ही माणसंही अशीच मागून नेता का?” त्याने एकदा विचारलं.

“माणूस अख्खा असला तर.”

पुढचे चार किलोमीटर त्याला गियर बदलायचं सुचलं नाही.

धुळ्यात नथ्थू आबा भेटले. कारखान्यात साचे बनवणाऱ्यांपैकी आता हे एकटेच उरले होते. “मालक म्हने, बैल काढ,” ते म्हणाले. “माले बैल जमना नई. मोर जमना.” मग ते कुट्टीवर आले. तिला दोन माणसं लागतात – एक चाक फिरवणारं, एक चारा सारणारं. सारणाऱ्याची बोटं फिरवणाऱ्याच्या भरवशावर.

बोलता बोलता त्यांनी योगराजकडे हनुवटी उडवली. “हाऊ कोन शे? जवाई का?”

“ड्रायव्हर आहे, आबा,” दिपमाला म्हणाली.

“ड्रायव्हर इतला लाजस का?”

४. मूठ

दुकानाच्या कोपऱ्यात चाकाशेजारी भाग जमत गेले. आता फक्त चाक फिरवायची लाकडी मूठ राहिली होती. योगराजने ती बाभळीची करून घेतली, गुळगुळीत घासली... आणि खिशात घालून हिंडत राहिला. कारण मूठ बसली की एक यंत्र पुरं, आणि ती पुण्याला.

तेवढ्यात पुण्याहून निरोप आला. अख्खी कुट्टी महिनाअखेर हवी, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ.

“जोडलेली चालेल का त्यांना?” त्याने विचारलं.

“कोण जाणे. बघू,” ती म्हणाली, आणि गाडीच्या खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सांगितलं तर ती जाईल. नाही सांगितलं तर तिचं काम जाईल, तेही त्याच्यापायी.

रविवारी त्याने तिला शेतावर भरीत खायला बोलावलं. गोठ्याशेजारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. त्याची आई, बेबाबाई, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती.

“जेवायच्या आधी... इकडे या,” तो म्हणाला.

त्याने ताडपत्री ओढली.

“पहिल्या दिवसापासून इथेच होती. तुम्ही जाल म्हणून बोललो नाही. चुकलं माझं. घेऊन जा, टेम्पो मी आणतो.”

 बोलली ती बेबाबाई, चुलीजवळूनच –

“तिले काय दखाडी ऱ्हायना? ती ते पहिलाच दिन देखी गयी.”

२. (मिळाला)

त्या संध्याकाळी चाक बांधलेली दोरी योगराज सोडत होता, तेव्हा दिपमाला हात धुवायला गोठ्याजवळच्या हौदाकडे गेली. वाऱ्याने ताडपत्री उचलली. मोर. शेजारी मूठ, पाती, सगळं जागच्या जागी.

 मग तिने ताडपत्रीचं टोक नीट खोचलं आणि वर एक वीट ठेवली. वळली तर समोर बेबाबाई. “काकू, त्यांना सांगू नका,” ती एवढंच म्हणाली.

५. जोडणी

“ती वीट... तुम्ही ठेवलीत?”

“ताडपत्री उडत होती. कोणाला दिसली असती म्हणजे?”

“मग इतके दिवस –”

“तू सांगतोस का, ते बघत होते. महिनाअखेरपर्यंत सांगितलं नसतंस, तर खरंच गेले असते.”

तिने ‘तू’ म्हटलं होतं. त्याने खिशातून मूठ काढून तिच्या हातावर ठेवली. खिशातली ऊब अजून लाकडात होती.

“पुण्याला आपण जोडलेली देऊ,” ती म्हणाली. “चालते की नाही, ते तिथे त्यांच्यापुढे चालवून दाखवू. दोन माणसं लागतील.”

“आणि तुझी नोकरी?”

“इतिहास इथे बसून लिहिते म्हणून सांगेन. बघू ऐकतात का. त्याला धुळं लागतं, एरंडोल लागतं... गाडी लागते.”

“माझ्याकडे गाडी आहे,” योगराज म्हणाला.

म्हैस हंबरली. दिपमालाने बाह्या सारल्या, मक्याच्या चाऱ्याची पेंढी उचलली आणि यंत्रासमोर बसली. “मी सारते. तू फिरव.”

त्याने चाकाला हात लावला. तिची बोटं पात्यापासून चांगली हातभर लांब होती, तरी मोर इतका सावकाश फिरला की त्याच्या तुऱ्यातली पिसं मोजता यावीत. खर्र... खच्च. थांबला. योगराजने तिच्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा खर्र...

“आरे, इतलं हायू फिरावस ते म्हैस उपाशी मरी,” बेबाबाई चुलीजवळून म्हणाली.

पण त्याने चाक काही जोरात फिरवलं नाही.