तिसऱ्या दाराचा पहारा

मास्तरांना ती भुयाराच्या खेळाची पुस्तिका रद्दीच्या दुकानात सापडली, तेव्हा तिचं मुखपृष्ठ सुटलेलं होतं आणि पिनांना गंज चढला होता. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी दुपारी खेळ चालवायचे. पुस्तिकेतली भुयारं, खोल्या, दारं ते वाचून सांगत. बाकीच्यांनी आपापल्या पात्राने काय केलं ते बोलायचं आणि निकाल फाशावर सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, असं म्हणून औषधवाला त्यांना चिडवायचा. त्याचं औषधांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं.

उरलेली दोघं सख्खी भावंडं, ताई आणि बारक्या. खेळ त्यांच्याच घरी रंगायचा. ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायची, त्यामुळे भुयाराचा नकाशाही आपसूक तिच्याच गळ्यात पडला होता. हल्ली असे खेळ गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसकट मिळतात, पण त्यांत सगळंच सांगून टाकलेलं असतं. या जुन्या पुस्तिकेत एकेका जागेला जेमतेम एक ओळ. ‘दार. लाकडी. बंद.’ पुढचं तुमचं तुम्ही बघा. म्हणून तर एवढी वर्षं उलटली तरी तिचा नाद सुटत नव्हता.

त्यांच्यात एक रीत होती. कोणी आलं नाही, तर त्याच्या पात्राला काही होऊ नये म्हणून त्याला एखाद्या दाराशी पहाऱ्याला उभं करायचं आणि पुढे जायचं. शेवटच्या रविवारी बारक्या तापाने आत झोपून होता. ताईच म्हणाली, ठेवा त्याला तिसऱ्या दाराशी. मग खजिना सापडला, बाहेर पडायला दुसरीच वाट निघाली आणि आनंदाच्या भरात पुस्तिका मिटली गेली. बारक्याला सोबत घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ताप उतरला. बारक्या अंथरुणातून उठला तो थेट अडगळीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

आधी ताईला हसू आलं. मग तो उभ्यानेच जेवू लागला, उभ्यानेच डुलक्या घेऊ लागला. कितीही विनवलं तरी उत्तर एकच, “तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथे.” डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. झोपेच्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही. पाय इतके सुजले, की चपला चढेनात. असंच चाललं तर हृदय दगा देईल, असं डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. आईच्या माघारी बारक्याला तिनेच वाढवलं होतं. ती बाथरूमचा नळ सोडून रडायची.

नैसर्गिक विधीपुरता तो ताईला आपल्या जागी उभं करून धावत जायचा. एकदा तेवढ्यात तिने दार उघडून पाहिलं. जुनी गादी, मोडका पंखा, खोकी. तिने दार लावलं आणि पाठ टेकली. पाठीला लाकूड लागलं, बाकी काही नाही.

मग एके सकाळी, भुयाराचा नकाशा फाईलला लावताना, तिला तिसऱ्या दाराशी आपणच काढलेला ठिपका दिसला. त्याच्यापासून बाहेर जाणारी रेघ नव्हती. असल्या गोष्टी तिला कधी पटल्या नव्हत्या, पण बुडत्याला काडीचा आधार. तिने दोघांना बोलावून घेतलं.

भर दुपारी टेबल बारक्यासमोर मांडलं. आपण तिसऱ्या दाराशी परत येतोय, असं ताईने सांगितलं. मास्तरांनी पान काढलं.

“दार. लाकडी. बंद,” त्यांनी वाचलं. वर्गातला आवाज आज लागत नव्हता.

“बारक्या, पहारा संपला,” ताई म्हणाली. “चल.”

“पहारा कसला, ताई? मी दार धरून ठेवलंय.”

फाशाला कोणी हात लावला नाही.

औषधवाला हसायला गेला, पण ते जमलं नाही. आपण केव्हाच भुयाराबाहेर पडलोय, आता सोड ते दार, असं त्याने समजावून पाहिलं.

“तुम्ही बाहेर पडलात ना,” बारक्या म्हणाला, “म्हणूनच धरलंय.”

पलीकडे काय आहे, ते ताईने मास्तरांना विचारलं. त्यांनी पान उलटून दाखवलं. कोरं होतं.

बारक्याचे गुडघे थरथरत होते. ओठ निळसर दिसत होते. ताईला ते बघवेना.

“माझं पात्र त्याच्या जागी उभं राहतं,” ती म्हणाली.

नीट विचार करा, असं मास्तर म्हणाले. तिने फासा त्यांच्यापुढे सरकवला.

“याला फासा लागत नाही,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही म्हणालात, झालं.”

ताई उठून दाराशी गेली. बारक्याने तिची पाठ नीट टेकली आहे ना ते पाहिलं, मग बाजूला झाला आणि जागच्या जागी कोसळला. औषधवाल्याने त्याला उचलून पलंगावर नेईपर्यंत तो घोरायला लागला होता. ते घोरणं ऐकून ताईला रडू फुटलं. एवढा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

“बसा आता जरा,” मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

ती वळणार, तोच पाठीमागे दार हललं.

जोर नव्हता, घाईही नव्हती. कडी लागली आहे ना, हे कोणी पलीकडून एका हाताने तपासून पाहावं, एवढंच.

ताईने टाचा फरशीवर रोवल्या.

मग पलीकडून दारावर, तिच्या कमरेच्या उंचीवर, दुसरा हात टेकला, आणि अगदी खाली, घोट्यांपाशी, तिसरा.