नेव्हीला कळवलेलं नाव

“आई गं... मेलो!”

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या तरणतलावात, मोठ्यांच्या शिकाऊ वर्गाच्या पहिल्याच संध्याकाळी ज्ञानदाच्या कानाशी कुणीतरी अस्सल मराठीत ओरडलं आणि पाठोपाठ एका ओल्या हातानं तिचा खांदा घट्ट पकडला.

“मरत नाही तुम्ही,” ती म्हणाली. “उभे राहा फक्त. पाणी छातीपर्यंतच आहे.”

तो उभा राहिला. पाणी खरंच छातीपर्यंत होतं. पापण्यांवरून थेंब गळत होते, गॉगल कपाळावर तिरका चढला होता आणि चेहऱ्यावर मरणाच्या दारातून परत आल्याचं नवल होतं.

“तुम्ही... मराठी?”

“हो. खांदा सोडलात तरी मराठीच राहीन.”

त्यानं चटकन हात काढला, आणि पुन्हा बुडाला.

त्याचं नाव सौमित्र. नागपूरचा. पाच-सहा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून मिशिगनला आला आणि गाड्यांच्या ब्रेकवर काम करत इथेच राहिला. ज्ञानदा इथलीच, नोव्हायच्याच शाळेत शिकलेली. तीही गाड्यांच्याच कंपनीत होती, पण तिचं काम वेगळं. गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कुणी शिरू नये, हे पाहण्याचं.

“म्हणजे मी गाडी थांबवतो,” क्लासनंतर केस पुसत सौमित्र म्हणाला, “आणि तुम्ही चोर थांबवता.”

“आणि दोघांनाही पाण्यात स्वतःला थांबवता येत नाही.”

तो हसला. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ पडत होता. पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा खरवडता खरवडता त्यानं विचारलं, “पण तुम्ही या थंडीत पोहणं काऊन शिकून राहिल्या? मी तर ऑफिसच्या पिकनिकला लेकमध्ये सगळ्यांसमोर फजिती झाली म्हणून.”

हे ज्ञानदा सहसा कुणाला सांगत नसे.

“मला नेव्हीत ऑफिसर व्हायचंय.”

त्याचा खरवडणारा हात काचेवरच थबकला. “नेव्ही? म्हणजे जहाजं... तोफा?”

“तोफा नाही. इन्फर्मेशन. कुठून काय खबर येतेय, ती खरी की खोटी, आपली माहिती कोण चोरतंय, ते बघणारे ऑफिसर्स असतात. रिझर्व्हमध्ये. नोकरी सांभाळून महिन्यातून एक वीकेंड, आणि वर्षातून थोडे दिवस सलग. जागा अगदी कमी, अर्ज खूप. मागच्या वर्षी मला नाही म्हणाले.”

“मग?”

“मग काय? या वर्षी पुन्हा करतेय.” तिनं काचेवरचा शेवटचा बर्फ झटकला. “आणि सिलेक्ट झाले तर ट्रेनिंगमध्ये उंचावरून पाण्यात उडी मारावी लागते. माझी आई डॉक्टर आहे, आता रिटायर झालेली. ती म्हणते, पोहता न येणारी नेव्ही ऑफिसर म्हणजे सुई बघून चक्कर येणारी नर्स.”

सौमित्र मोठ्यानं हसला नाही. तिच्याकडे बघतच राहिला... जरा जास्तच वेळ.

“व्हाल तुम्ही,” तो म्हणाला.

एवढंच. पण घरी जाताना सबंध वाटभर तिला ते दोन शब्द आठवत राहिले.

मग दर मंगळवारी आणि गुरुवारी तलाव. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बहुतेक तो तिला पाठीवर तरंगायला शिकवायचा प्रयत्न करत असताना, स्वतःला अजिबात येत नसताना.

“पोट वर. अजून वर. छताकडे बघ.”

“माझी नाक पाण्यात गेली!”

“माझं नाक,” तो म्हणाला. “नाक पुल्लिंगीही नाही नि स्त्रीलिंगीही नाही. बिचारं मधल्यामध्ये आहे.”

“यार, मी बुडतेय आणि तू ग्रामर शिकवतोयस!”

क्लासनंतर रस्त्यापलीकडच्या लहानशा डायनरमध्ये गरम टोमॅटो सूप हाही हळूहळू वर्गाचाच भाग झाला. तिथेच एकदा त्यानं विचारलं, “पण तुला हे काऊन पाहिजे, ज्ञानदा? पगार चांगला, घर चांगलं. कोणी मागं लागलेलं नाही.”

हाच प्रश्न तिला लेफ्टनंट कॅसिडीनं विचारला होता. कॅसिडी म्हणजे तिचा अर्ज पुढे पाठवणारी रिक्रूटर. मागच्या वर्षीच्या अर्जातलं, नेव्हीत का यायचंय ते सांगणारं निवेदन वाचून ती म्हणाली होती, यात तुझी कंपनी दिसते, तू दिसत नाहीस. ज्ञानदानं तेव्हापासून चारदा लिहून चारदा खोडलं होतं. आता वाफाळत्या सूपवरून समोरच्या डोळ्यांत बघताना ते आपोआप ओठांवर आलं.

“माझ्या आईला इथलं नागरिकत्व मिळवावं लागलं. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून, परीक्षा देऊन. मला ते फुकट मिळालं, फक्त इथे जन्मले म्हणून. सो... मला पण काहीतरी मिळवायचंय. मागून नाही. लायक होऊन.”

सौमित्र स्वतः अजून त्याच रांगेत होता. मग त्यानं ब्रेडचा शेवटचा चांगला तुकडा तिच्या ताटलीत सरकवला आणि म्हणाला, “हे लिही. असंच.”

तिनं तसंच लिहिलं.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात ती डायनरमध्ये आली ती लॅपटॉप घेऊनच.

“तुझी जन्मतारीख सांग,” ती म्हणाली. “जन्मगाव. आणि वडील काय करायचे?”

“काऊन? पत्रिका जुळवून राहिली का?”

“पत्रिकाच. नेव्हीला द्यायचीय.”

तो हसला, पण ती हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

“ऐक ना. सिक्युरिटीसाठी सगळं डिक्लेअर करावं लागतं. परदेशी नागरिक असलेलं कुणी जवळचं असेल, तर तेही. म्हणजे... ज्याचा आपल्यावर प्रभाव आहे, किंवा ज्याचं आपण काही देणं लागतो, किंवा...” तिनं चमचा सूपमध्ये नुसताच फिरवला. “प्रभाव तर तुझा कुणावरच नाही. पाण्यावरही नाही. देणं म्हणशील तर एक टॉवेल. म्हणजे उरलं...”

“काय उरलं?”

“अफेक्शन,” ती अगदी हळू म्हणाली. “ते मराठीत कसं म्हणतात, मला नीट माहीत नाही.”

डायनरमध्ये भांड्यांचा आवाज होत होता. सौमित्रनं हात पुढे केला... टेबलाच्या मध्यापर्यंत आला... आणि तिथूनच मागे घेतला.

“माझे बाबा सरकारी दारूगोळा कारखान्यात होते,” तो म्हणाला. “भारत सरकारच्या. आयुष्यभर. मी अजून तिथलाच नागरिक. ज्ञानदा... माझं नाव नको लिहू.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण क्लासमधले. ओळखीचे. तेवढंच सांग.”

“ते खरं आहे?”

त्यानं पैसे ठेवले, कोट उचलला आणि गेला.

गुरुवारी तो तलावावर आला नाही. मंगळवारीही नाही. मेसेज आला तो एवढाच – ‘तुझं काम होऊ दे. मग बघू.’ तिनं फोन पर्समध्ये टाकला, पाण्यात उतरली, आणि रागाच्या भरात पहिल्यांदाच कुणाच्याही हाताशिवाय पाठीवर तरंगली. छताकडे बघत. गालांवरून वाहत होतं ते तलावाचंच पाणी आहे, असं स्वतःला बजावत.

घरी तिची आई सरला भाजी निवडत होती. पॅथॉलॉजिस्ट म्हणून तिनं तीस वर्षं इस्पितळात काढली होती. तिला काहीच सांगावं लागलं नाही, तरी ज्ञानदानं सगळं सांगितलं.

“तो म्हणतो, नको लिहू. लिहिलं तर लांबेल, कदाचित अडेल. आई, व्हॉट डू आय डू?”

“मी कधी पेशंटला आवडेल असा रिपोर्ट लिहिला नाही,” सरला म्हणाली. “स्लाइडवर जे दिसलं ते लिहिलं. तुला काय दिसतंय?”

ज्ञानदा उठली आणि लॅपटॉप उघडून तिनं नाव लिहिलं. पूर्ण. वडिलांच्या कारखान्यासकट.

मुलाखतीला समोर तीन अधिकारी होते. दोन पुरुष, आणि मधोमध पांढऱ्या केसांची एक कमांडर. प्रश्न सरळ होते, पण एकही सोपा नव्हता. दोन बातम्या एकमेकींच्या विरोधात असतील तर कोणती वर पाठवशील? चुकलीस तर कुणाला सांगशील? मागच्या वर्षी आम्ही नाही म्हटलं, परत का आलीस?

“कारण मागच्या वर्षी मी तयार नव्हते,” ज्ञानदा म्हणाली. “हे मला तुमच्या नकारानं कळलं. या वर्षी नाही म्हणालात तर त्यातूनही काहीतरी कळेल, आणि मी पुढच्या वर्षी येईन.”

शेवटी कमांडर म्हणाली, “आम्हाला आधीच माहीत असावं असं काही?”

“आहे. मी एका भारतीय नागरिकाचं नाव दिलंय. त्याचे वडील सरकारी कारखान्यात होते. नातं जवळचं आहे.”

“किती जवळचं?”

ज्ञानदानं एक श्वास घेतला. “सध्या तो माझ्याशी बोलत नाहीये, मॅम. त्याला वाटतं, तो बाजूला झाला तर माझं काम होईल. पण तो बोलत नाही म्हणून माझं उत्तर बदलत नाही.”

डावीकडच्या अधिकाऱ्यानं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला. कमांडरच्या डोळ्यांत मात्र काहीतरी मऊ हललं. “थँक यू,” ती म्हणाली. “झालं एवढंच.”

ज्ञानदा तिथून थेट सौमित्रच्या घरी गेली.

तो दारासमोरचा बर्फ फावड्यानं उपसत होता. मार्चचा ओला, जड बर्फ. तिनं गाडी बरोबर त्याच्या मोकळ्या केलेल्या वाटेत उभी केली.

“मी नाव दिलं,” ती उतरत म्हणाली.

फावडं त्याच्या हातातून निसटलं. “का? एवढी मेहनत... माझ्यामुळे तुला नाही म्हटलं तर? आयुष्यभर तुझ्या डोळ्यांत तेच दिसेल मला.”

“मला नाही म्हणायचा हक्क नेव्हीला आहे, सौमित्र. तुला नाही.”

“पण...”

“खोटं सांगून मला ऑफिसर व्हायचं होतं का? पहिलीच खबर खोटी? आणि ऐक, नातं बदललं तर तेही कळवावं लागतं. तू खरंच माघार घेणार असशील तर आत्ता सांग. मी गाडीतूनच कॅसिडीला फोन करते. मॅम, तो इसम घाबरला म्हणून.”

त्याच्या टोपीवर बर्फ साचत होता. त्यानं ती काढली, हातात चुरगाळली.

“घाबरलोच होतो,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी. त्या दिवशी तू म्हणालीस... त्या शब्दाला मराठीत काय म्हणतात माहीत नाही. मला माहीत होतं. पण सांगितला असता तर परत घेता आला नसता.”

“मग आता सांग.”

“प्रेम म्हणतात, ज्ञानदा. माझं आहे तुझ्यावर. कळव कुणाला कळवायचं ते.”

तिनं गोठलेल्या हातांनी त्याच्या कोटाची कॉलर धरली. नंतर बराच वेळ त्या दारासमोरचा बर्फ कुणीच उपसला नाही.

मेच्या शेवटी, ऑफिसच्या जिन्यात असताना कॅसिडीचा फोन आला. निवड झालेल्यांच्या यादीत ज्ञानदाचं नाव होतं. ती पायरीवर बसली आणि आधी आईला फोन केला, मग सौमित्रला. आई रडली. सौमित्रच्या फोनवर मात्र ब्रेक टेस्टिंगच्या हॉलमध्ये कुणीतरी नागपुरी थाटात “अरे बाप्पाऽ!” म्हणून ओरडल्याचं तिला ऐकू आलं.

सौमित्रच्या नावामुळे शपथेआधीचा सुरक्षा तपास लांबला, हे खरंच. सबंध उन्हाळा गेला. एक तपास अधिकारी सौमित्रला भेटून गेला आणि त्याच्या बाबांबद्दल बारीकसारीक सगळं विचारून गेला. ज्ञानदाबरोबर अर्ज केलेल्यांचे शपथविधी एकेक करून उरकत होते. ती फोटो बघायची, लाइक करायची आणि पोहायला जायची. एकदाही तिनं त्याच्याकडे तक्रारीनं पाहिलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं, आणि एका शनिवारी सकाळी, तळ्याकाठच्या मोकळ्या हिरवळीवर, पांढऱ्याशुभ्र गणवेशात ज्ञानदानं उजवा हात वर करून शपथ घेतली. आवाज एकदाही कापला नाही. कॅसिडीनं खांद्यावरच्या पट्ट्या पुढे केल्या. काळ्या, सोनेरी रेघेच्या. रिवाजाप्रमाणे त्या घरच्या माणसांनी चढवायच्या होत्या.

सरलानं डाव्या खांद्यावरची चढवली, डोळे पुसले आणि लेकीच्या गालावरून हात फिरवला.

उजवा खांदा मोकळा होता. ज्ञानदानं खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

“सौमित्र. ये.”

“मी? चालतं?”

“कॅसिडीला विचारलंय मी.”

तो पुढे आला. एवढ्या लोकांसमोर त्याला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. पट्टी खांद्यावर सरकली, पण बटण काही लागेना. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. ती ताठ उभी होती, नजर समोर, अधिकाऱ्याला शोभेलशी... फक्त ओठांचा एक कोपरा हलत होता.

“बसलं,” शेवटी तो कुजबुजला. “घट्ट झालं का?”

“नाही,” ती समोर बघतच म्हणाली. “अजून थोडा वेळ लाव.”