खांबांचे कान

"पारव्याला ऐकू येतं का हो?"

ध्वनिशमन प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून हमीदा शिकलगारने विचारलेला हा पहिलाच प्रश्न. कारखाना निरीक्षक म्हणून तिची या जिल्ह्यात नुकतीच बदली झाली होती. डॉ. इंद्रायणी सबनीस यांनी चष्मा कपाळावर सरकवला. शमनध्वनी यंत्रणा बनवणाऱ्या या बाईंना लोक नाना प्रश्न विचारत, पण पारव्याचा विषय आजवर कोणी काढला नव्हता.

"चांगलं ऐकू येतं. का?"

"मग घणांच्या शेडमध्ये तो अंडी कशी घालतो?"

हमीदाने मोबाइल पुढे केला. फोटो कृष्णाकाठच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका घडाई कारखान्याचा होता. तिथे लालबुंद लोखंड ठोकून ट्रकचे ॲक्सल घडवतात. ठोकणारे घण यंत्राचे, चार-चार टनांचे. शेडमधल्या एका खांबावर सरकारी ध्वनिमापकाची डबी होती, डबीवर काड्यांचं घरटं, आणि घरट्यात पारवी डोळे मिटून निवांत बसली होती.

"घण बंद असतील."

"धडधडत होते. मी कानात बोळे घालून उभी होते, तरी दात हलत होते. आणि मापकावर आकडा एक्काहत्तर! हॉटेलात चार लोक जेवताना होतो तेवढा आवाज. मापक बिघडलाय म्हणावं, तर मी स्वतः तपासला, ठणठणीत आहे. आठही खांबांवर हाच प्रकार."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"या नालायकांनी माझी यंत्रणा खांबांना लावलीय," त्या म्हणाल्या.

"मला समजेल असं सांगा."

"आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या नेमकी उलटी लाट त्याच क्षणी सोडली की दोघी एकमेकींना खातात आणि तिथे शांतता होते. हा शमनध्वनी. छतावरचे शेकडो भोंगे ती उलटी लाट सोडतात. पण शांतता कुठे हवी हे यंत्रणेला कळायचं, तर तिथे एक मायक्रोफोन लागतो. आम्ही त्याला कान म्हणतो. यंत्रणेला एकच गोष्ट शिकवलीय. कानाला घणाचा आवाज ऐकू आला की तो पुसायचा, माणसाचं बोलणं ठेवायचं. मग त्या कानाभोवती हातभर शांतता तयार होते. तो शांतकोष. मी कान कामगाराच्या हेल्मेटवर बसवला होता. डोकं जाईल तिकडे शांतकोष जाईल."

"आणि यांनी?"

"यांनी सरकारी मापकच कान म्हणून जोडला. शांतकोष मापकाभोवती. त्याच्या आत पारवी आणि तिची अंडी, बाहेर कामगार."

"म्हणजे कामगाराला यंत्रणा असून नसल्यासारखी."

"तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. आवाज मरत नाही, सरकतो. एका जागी दोन लाटा एकमेकींना खातात, तेव्हा दुसऱ्या जागी एकमेकींवर चढतात. खांबापाशी पुसलेला आवाज खांबांच्या मधे जाऊन पडतो, आणि मधे माणसं उभी असतात. यंत्रणा नसती तर त्यांना कमी ऐकावं लागलं असतं!"

हमीदापुढे निवृत्ती ढेरेचा अर्ज पडून होता. निवृत्ती त्याच शेडमधला घणावरचा कारागीर, वय अडतीस. त्याचे दोन्ही कान निम्म्याहून अधिक गेलेत असं कारखान्याच्याच डॉक्टरने सांगितलं होतं. कारण काय, तर गावचं झांजपथक. शेडमध्ये आवाजच नाही, मापक एक्काहत्तर दाखवतो, तेव्हा बहिरेपण घरून आणलेलं. त्याला कामास अपात्र ठरवून सोमवारी काढायचं ठरलं होतं. ते थांबवायचं तर हमीदाला तो आकडा खोटा पाडायला हवा होता, आणि आकडा तर खराच होता.

दुसऱ्या दिवशी दोघी शेडमध्ये गेल्या. जेवणाच्या सुट्टीत घण थांबले, तेव्हा निवृत्ती हात पुसत समोर आला.

"त्वांड हिकडं करून बोला, मॅडम. व्हटाकडं बघितलं की समजतंय."

"झांजपथकात किती वर्षं आहात?" हमीदाने विचारलं.

"झांज कशाची? म्या म्होरं ट्रॅक्टर चालवतो. झांजवाली पोरं मागनं येत्यात. त्यांचे कान चांगले हायती की."

"हे डॉक्टरना सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई." तो हसला, मग खाली बघून म्हणाला, "पोरगा आदी हाका मारायचा. आता मारतच न्हाई. येतो आन् हात धरून वढतो. रातच्याला समदं गप असतंय, तवा कानात शिट्टी चालू."

इंद्रायणीबाईंनी खांबावरच्या घरट्याकडे बोट दाखवलं. "तिथे शांत असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. खांबाच्या कट्ट्यावर चढलं की डोस्कं डबीजवळ जातंय. थितं घण वाजतच न्हाई. पोरं आळीपाळीनं चढायची, जरा कानाला इसावा म्हणून. मुकादमानं बंद केलं. म्हणला, मापकाला त्रास हुतोय."

मापकाला त्रास होतो म्हणून माणसांना हाकलायचं, हे बाईंनी सात जन्मांत ऐकलं नव्हतं. पारव्याला तिथे बसायची परवानगी होती.

कारखान्याचा मालक प्रतीक मोहिते शेडच्या वर टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसे. खाली घण पुन्हा सुरू झाले होते, पण केबिनमध्ये चहाच्या कपात चमचा फिरल्याचाही आवाज येत होता. इंद्रायणीबाईंनी वर पाहिलं. छताला बटणाएवढा मायक्रोफोन चिकटवला होता. यंत्रणेचा नववा कान.

"कायदा म्हणतो मापकावर आवाज नव्वदच्या आत हवा," मोहिते म्हणाला. "आम्ही एक्काहत्तरवर आहोत. खरं तर आमचा सत्कार करायला हवा."

"कायदा कानांसाठी केलाय, मापकासाठी नाही," बाई म्हणाल्या.

"तसं लिहिलेलं दाखवा."

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. घणांखाली स्प्रिंगचे पाये घाला, भोवती जाड भिंतींच्या कोठड्या करा. आवाज जिथे जन्मतो तिथेच कमी करा. माझी यंत्रणा त्यानंतर."

"त्याला महिनाभर काम बंद ठेवावं लागतं, मॅडम. आणि कोणासाठी? ही माणसं लग्नात रात्रभर डीजेपुढे नाचतात, आणि कान गेले की कारखान्याच्या नावाने शंख करतात."

हमीदाचं डोकं सणकलं होतं, पण आवाज तिने खाली ठेवला. "ही केबिन शेडमध्ये धरायची ना?"

"छे, हे कार्यालय आहे. ही कामाची जागा नाही, इथे मापक लागत नाही, असं मी सरकारकडून ठरवूनच घेतलंय."

"उत्तम. मापक कुठे बसवायचा हे निरीक्षकाने ठरवायचं असतं. मी ठरवते. खांबांवरचे मापक काढा. हल्ली बटणाएवढे मिळतात, ते प्रत्येक हेल्मेटवर लावा, माझ्या शिक्क्यासह. यंत्रणेला कान म्हणून तेच जोडा; शिक्का नसलेला एकही कान चालणार नाही." तिने छताकडे पाहिलं. "तिसऱ्या खांबावर घरटं आहे, तिथला मापक तेवढा पिल्लं उडेपर्यंत राहू द्या."

मोहितेने खांदे उडवले. चार बटणांवर सुटलो असं त्याला वाटलं. निवृत्तीला काढण्याचा निर्णयही हमीदाने नवे आकडे येईपर्यंत थांबवला.

जिना उतरताना तिने विचारलं, "शेडमधल्या सत्तर डोक्यांभोवतीचा आवाज पुसला, तर तो सरकून जाणार कुठे?"

"जिथे कान नाही तिथे," बाई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी निवृत्तीने नवं हेल्मेट घातलं आणि कळ दाबली. घण खाली आला, लोखंड चपटं झालं, ठिणग्या उडाल्या, आणि आवाज मात्र दूरच्या दारावर थाप पडावी तेवढाच. घण मोडला असं वाटून त्याने घाईने यंत्र थांबवलं. आजूबाजूची माणसं हेल्मेट काढून बघत होती, दचकून परत घालत होती. एकाने शेजाऱ्याला नावाने हाक मारली आणि शेजाऱ्याने वळून पाहिलं. त्या शेडमध्ये हे कधी घडलं नव्हतं.

निवृत्ती मात्र डोळे मिटून उभा होता.

"घण गप झाला, मॅडम," तो म्हणाला. "शिट्टी न्हाई झाली."

"ती तुमच्या कानातली आहे," इंद्रायणीबाई त्याच्यासमोर तोंड करून म्हणाल्या. "ती माझ्या यंत्रणेला ऐकू येत नाही. तिला इलाज नाही." हे सांगताना त्यांना स्वतःचीच नव्हे, साऱ्या जगाची चीड आली.

दुपारपर्यंत मोहितेने केबिनमध्ये तग धरला, कारण मुंबईचे गिऱ्हाईक बोलणी करायला आले होते. छताचा नववा कान निघाल्यामुळे काचा थडथडत होत्या, कप टेबलावरून चालत जाऊन खाली पडला, आणि गिऱ्हाईक कान दाबून निघून गेले. शेवटी मोहिते शेडबाहेरच्या अंगणात आला. घण थांबले होते, तरी तो ओरडूनच बोलत होता.

"बंद करा तुमचं ते यंत्र!"

"यंत्र तुमचं आहे," हमीदा म्हणाली. "खुशाल बंद करा. मग सत्तर मापकांवर एकशे बारा येतील आणि मी शेडला कुलूप लावेन."

तिला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

"मग माझ्या केबिनमध्ये एक मापक द्या."

"कामाच्या जागेबाहेर देता येत नाही. तुम्हीच ठरवून घेतलंय."

"त्या पारव्यांना दिलाय, आणि मला नाही?"

"ते शेडमध्ये राहतात."

मोहिते मटकन कट्ट्यावर बसला. बराच वेळ त्याने कानशिलं चोळली. मग म्हणाला, महिनाभर काम बंद ठेवतो, घणांखाली पाये घालतो, कोठड्या बांधतो. कामगारांचा पगार चालू राहील असं हमीदाने त्याच्याकडून वदवून घेतलं. निवृत्तीचं बहिरेपण याच शेडमधलं आहे, आणि तो कामावर राहील, हेही त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

"पण सकाळपासून कानात शिट्टी वाजतेय," तो इंद्रायणीबाईंना म्हणाला. त्याच्या आवाजातला मालक आता उरला नव्हता. "सारखी. ही थांबते ना हो?"

बाईंनी निवृत्तीकडे पाहिलं. तो मोहितेच्या ओठांकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं. तो दोन पावलं पुढे आला आणि ज्या आवाजात तो हल्ली सगळ्यांशी बोले त्या मोठ्या आवाजात त्याने काळजीने विचारलं,

"सायेब, तुमी कंच्या झांजपथकात हायसा?"

"काय?" मोहिते म्हणाला, आणि त्याने कानामागे हात धरला.