देव पाण्यात, गड उन्हात

वैशाखातली पहाट निवळगडाच्या तटावर उतरली, तेव्हा पायथ्याशी पसरलेल्या शाही छावणीत नगारे झडत होते आणि वर महादेवाच्या देवळाकडे घागरींची रांग निघाली होती. पण त्या घागरी तहानलेल्या शिबंदीसाठी नव्हत्या. किल्लेदार मानकोजीरावांनी देव पाण्यात घातले होते. गोमुख चिखलाने बुजवायचे, पिंडी बुडेतो गाभारा भरायचा आणि गाऱ्हाणे ऐकेपर्यंत देवाला तसेच कोंडायचे, ही अवर्षणातली रीत त्यांनी वेढ्याला लावली होती.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गडावर पाण्याचे एकच टाके उरले होते. त्याची भेग बुजवायला त्या दोन उन्हाळे गवंडी मागत होत्या, आणि दोन्ही उन्हाळे गवंडी देवळाच्या शिखरावर चढले होते.

"स्वारींनी निदान निम्मे पाणी टाक्यात राहू द्यावे," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, आपले चित्त सदा घागरीत," मानकोजीराव मंद हसले. "हा सारा प्रपंच मिथ्या आहे."

"तहान मिथ्या नसते."

मानकोजीरावांनी डोळे मिटून घेतले. त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे बाईंचे आजवर कधी काही चालले नव्हते.

दुपारी शत्रूने बुरुजाखाली सुरुंग उडवला. बुरुज तगला, पण हादऱ्याने टाक्याची जुनी भेग उकलली आणि उरलेसुरले पाणी दरीत गेले. सरनोबत भिवजी धापा टाकत आले.

"बाईसाहेब, पोरांच्या जिभा टाळूला चिकटल्यात. सांजंला शिड्या लागतील. पाण्याबिगर हात उठायचे न्हाईत."

बाई तडक देवळात गेल्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्यात मानकोजीराव जपमाळ घेऊन आडवी मांडी घालून बसले होते.

"पिंडी उघडी पडली की गड पडला," ते म्हणाले. "आत जायचे तर आम्हांला ओलांडून जावे लागेल."

बसल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. मग पतीला, तोही जपाला बसलेला! क्षणभर बाईंना वाटले, परत फिरावे. मग त्यांनी ओचा खोचला, पतीला हात जोडले आणि त्यांच्या मांडीवरून पाय टाकून त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या.

गाभाऱ्यातून भरलेली घागर तटावर आली, तरी कुणी तोंड लावीना. देवाचे पाणी पिऊन शाप कोण ओढवून घेणार? भिवजींनीसुद्धा मान फिरवली.

"भिवजी, हे तीर्थ आहे," बाई म्हणाल्या. "या गडावर आजवर कुणी तीर्थ नाकारले आहे?"

भिवजींनी शस्त्र खाली ठेवून उजवा तळहात पुढे केला, आणि मग रांग लागली. सांजेला शिड्या लागल्या, तशाच त्या कोसळल्याही. पुढे कुमक पोचली आणि वेढा उठला.

भर सदरेवर मानकोजीरावांना मानाची वस्त्रे मिळाली. त्यांनी पाणी गाभाऱ्यात राखले म्हणून गड राहिला, असे जो तो म्हणत होता, आणि ते खोटे नव्हते, याचाच द्वारकाबाईंना अधिक संताप होता. ते पाणी बाहेर कुणी काढले, हे मात्र कुणी बोलेना. उलट पतीला ओलांडल्याबद्दल देवळाच्या उपाध्यायांनी त्यांनाच प्रायश्चित्त दिले: पुन्हा पिंडी बुडेतो स्वतःच्या हाताने पाणी घालायचे.

"घालते," त्या उपाध्यायांना म्हणाल्या. "पण फुटक्या टाक्यात देवापुरतेही पाणी ठरत नाही."

दुसऱ्याच दिवशी गवंडी टाक्यावर हजर झाले. माणसांसाठी दोन उन्हाळे मागून जे मिळाले नव्हते, ते देवाच्या नावाने एका शब्दात मिळाले. बाई टाक्याच्या काठावर बसून संतापाने रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी गवंड्याला विचारले, "चुना नीट मुरला आहे ना?"